पितळी कुलूप

चष्म्याची फ्रेम नाकावर नीट बसतेय का हे बघायला ती मुलगी इतकी जवळ वाकली होती की तिच्या हातांच्या साबणाचा वास मला येत होता, आणि तेवढ्यात ती म्हणाली, "बाई, तुम्ही मला ओळखलं नाहीत." मी म्हटलं, नाही गं. खरंच नव्हतं ओळखलं. असं कोणीतरी अधूनमधून भेटतंच मला. तेहतीस वर्षं परिवीक्षा अधिकारी होते मी. म्हणजे काय, हे माझ्या सख्ख्या नणंदेला अजून समजलेलं नाही, तेव्हा सांगूनच टाकते. चोरीमारीत, मारामारीत सापडलेली अठराच्या आतली मुलं बाल न्याय मंडळासमोर उभी करतात. त्या मुलाला घरी सोडायचं की सुधारगृहात ठेवायचं हे मंडळाच्या न्यायाधीश ठरवतात, आणि त्या ठरवतात आमच्या अहवालावरून. आम्ही त्या मुलाच्या घरी जायचं, घर बघायचं, आईबापांशी बोलायचं आणि लिहायचं. माझ्या निरोपसमारंभात साहेब म्हणाले होते की यांच्या अहवालात 'माहीत नाही' हे दोन शब्द कधी सापडायचे नाहीत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही मान खाली घालून हसले होते, नवरीसारखी.

"मोबाइलच्या दुकानातली केस," ती म्हणाली. "आम्ही तिघी होतो. मी चौदाची. तुम्ही मला म्हणाला होतात, नखं कुरतडू नकोस, मॅडम बघताहेत." नखं म्हटल्यावर आठवली. चेहरा नाही, नखंच आठवली, पार मुळापर्यंत खाल्लेली. आता काउंटरवर टेकलेल्या तिच्या बोटांची नखं नीट कापलेली होती, छातीवर दुकानाचा बिल्ला होता आणि माझ्या कानामागची काडी ती अशा हलक्या हाताने वाकवत होती की मला बरं वाटलं. अगदी आधी तेच वाटलं, बरं. चला, एक तरी पोरगी मार्गाला लागली, आपल्या हातून. आपल्या हातून, हे मनात आलं ते अजून आठवतंय मला. ती म्हणाली, "तुम्हाला सांगायचंच होतं कधीतरी. तुम्ही खरं लिहिलंत म्हणून माझे डोळे उघडले. नाहीतर मी आईच्या आशेवर बसले असते." आणि काडी काढून, पुसून, परत बसवत, अगदी हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तशा आवाजात ती बोलत राहिली. आई तेव्हा म्हणत होती, दोन्ही दिवस मी घरीच होते. पण मंडळात तुमचा अहवाल वाचला, दाराला पितळी कुलूप होतं म्हणून. आमच्या दाराला कुलूप लावतच नव्हते हो, आपोआप बसणारं लॅच होतं. पितळी कुलूप ऐकलं आणि मला समजलं, हिने नवीन आणलंय. मी परत येऊ नये म्हणून. "चौकीत म्हणालीच होती ती, ठेवा हिला तुमच्याकडेच. रागाने म्हणाली असेल असं मला वाटायचं. कुलूप काही कोणी रागाने विकत आणत नाही ना, बाई?"

मी काय म्हणाले? मी म्हणाले, फ्रेम जरा सैल होतेय का गं डावीकडे. तिने लगेच बघितली. सैल नव्हती. तरीही तिने पक्कड घेतली, काडी तापवली, पुन्हा वाकवली, आणि पुन्हा ते हात माझ्या कानांमागे आले. कानकोंडं होणं म्हणतात ते मला तेव्हा अंगाने कळलं. माझे कान इतके तापले होते की तिच्या बोटांना नक्की कळलं असणार. ती सांगत होती, वर्षभराने सुटल्यावर घरी गेलेच नाही, थेट मुलींच्या वसतिगृहात गेले, तिथून हा कोर्स केला. आई शिवणाच्या कारखान्यात होती, आता नजर अधू झालीय, सुईत दोरा जात नाही. मामा फोन करतो, म्हणतो तुझ्याच दुकानात घेऊन येतो तिला, तिला तूच तपासायला हवी आहेस. मी त्याला म्हटलं, शहरात दुकानं काय कमी आहेत? "अजून तिथेच राहते ती. पाचव्या मजल्यावर. तुम्हाला आठवत असेल ना घर?" मी म्हटलं, हो, आठवतंय. आणि पावती पर्समध्ये टाकून दुकानाबाहेर आले. चष्मा मंगळवारी मिळणार होता.

ते घर मला आठवण्याचा प्रश्नच नाही. ते मी पाहिलेलंच नाही.

आमच्याकडे नियम होता, दोन वेगवेगळ्या दिवशी दोन गृहभेटी. कागदावर झकास दिसतं हे. एकेका अधिकाऱ्याच्या माथी साठ-सत्तर केसेस, घरं शहराच्या चारी टोकांना, आणि लिहायला म्हणून टेबल तेही दोघांत एक. तेव्हा सगळेच पहिली भेट खरी द्यायचे आणि दुसरी खुर्चीत बसून लिहायचे. तिला आम्ही टेबलभेट म्हणायचो. राजरोस म्हणायचो, चहा पिताना, 'काय गं, आज किती टेबलभेटी केल्यास?' मी नवीन आले तेव्हा मला हे एका वयस्कर बाईंनी शिकवलं आणि मी म्हातारी होत आले तेव्हा एका नव्या मुलीला शिकवलं. दुसऱ्या भेटीची वेळ पहिलीपेक्षा निराळी टाकावी, सकाळ असेल तर संध्याकाळ, म्हणजे खरी वाटते. ती पोर इतकी सालस की तिने हे वहीत लिहून घेतलं. तर टेबलभेटीची लाज वाटली असं मी म्हणणार नाही. तेव्हा नाही वाटली. सगळ्यांच्या अंगावर एकच मळ असला की वास येत नाही. पण या केसमध्ये पहिली भेटही झाली नव्हती.

त्या दिवशी मी गेले होते, हे खरं. पत्ता शोधत, भर दुपारी, नव्या सँडलने टाच सोललेली. इमारतीची लिफ्ट बंद. दारावर पुठ्ठा लावलेला, त्यावर कुणीतरी 'कायमची' असंही खरडलेलं. पाच मजले. जिन्याखाली एक इस्त्रीवाली बसली होती. मी तिला विचारलं, पाचव्या मजल्यावरची शिवणवाली घरी असते का? ती कपड्यावरची नजर न काढता म्हणाली, दिवसा कुणी नसतं हो वर, सगळी कामाला जातात. झालं. तिने सगळ्या इमारतीबद्दल सांगितलं होतं, मी ते एका बाईबद्दल घेतलं. मागच्या तारखेला मंडळाच्या पायऱ्यांवर मीच त्या आईला दोन दिवस सांगितले होते, बुधवारी नाहीतर शुक्रवारी येईन, घरी थांबा, हे मला त्या क्षणी आठवलं नाही असं मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आले. आठवलं होतं. चांगलं आठवलं होतं. पहिल्या पायरीवर पाय ठेवून मी उभी होते आणि माझ्या मनात काय होतं ते सांगते, आता लपवून काय करायचंय. नवरा गावाला गेला होता, घर रिकामं होतं, आणि मला घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पंखा लावून, कुणी हाक न मारता, दोन तास. कुठलं आजारपण नाही, अडचण नाही, मुलाबाळांचं काही नाही. झोप. मी पाय मागे घेतला आणि घरी जाऊन छान झोपले. उठले तेव्हा उशीचे वळ गालावर होते आणि अंग हलकं झालं होतं.

शुक्रवारी मी अहवाल लिहिला. आमच्या न्यायाधीश बाईंना तपशील लागायचा. आधीच्या महिन्यात त्यांनी माझा एक अहवाल 'मोघम' असा शेरा मारून परत पाठवला होता आणि साहेबांनी तो सगळ्यांदेखत माझ्या हातात दिला होता. म्हणून यावेळी 'घर बंद आढळले' एवढ्यावर मी थांबले नाही. टायपिस्ट बोटं कीबोर्डवर ठेवून वाट बघत होता. मी डोळे मिटले आणि मला दार दिसायला लागलं. हिरवा रंग, उडालेला. दाराला कुलूप. कसलं कुलूप? पितळी. 'दाराला पितळी कुलूप आढळले. दोन्ही भेटींच्या वेळी पालक अनुपस्थित. पालकास मुलीचा ताबा घेण्यात स्वारस्य असल्याचे दिसून येत नाही.' टायपिस्ट म्हणाला, वा बाई, अगदी डोळ्यांसमोर उभं केलंत. मला ते आवडलं.

सुनावणीला तिची आई आली होती. बारीक अंगाची, ओढणीला सुया टोचलेल्या, बहुधा कामावरून तशीच निघालेली. अहवाल वाचून झाला तशी ती उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मी घरीच होते हो. दोन्ही दिवस. कामावर खाडा केला होता. दारसुद्धा उघडं टाकून बसले होते, यांना घंटी सापडायची नाही म्हणून." न्यायाधीश बाईंनी माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, तुम्ही गेला होतात ना? मी म्हणाले, "तशी नोंद आहे, मॅडम." हो म्हणाले नाही. बारकाईने बघा, हो नाही म्हणाले मी. त्या रात्री जेवताना मला या वाक्याचं कौतुकही वाटलं होतं, की आपण काही धडधडीत खोटं बोललो नाही. चौकीतलं ते 'ठेवा हिला तुमच्याकडेच' कागदावर होतंच. न्यायाधीश बाईंनी आईला बसायला सांगितलं. ती बसली नाही, तिला शिपायाने बसवलं. मुलगी नखं खात होती. तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही, आईकडेच बघत राहिली, आणि मग तोंडातून बोट काढलं आणि बघणं थांबवलं. एक वर्षाचं सुधारगृह झालं तिला. पुढची केस एका सायकलचोराची होती.

दुकानातून आल्यापासून चार दिवस माझं काही धड झालं नाही. दूध उतू गेलं, गॅस पुसता पुसता तो पहिल्या पायरीवरचा पाय आठवायचा. नवरा कोडी सोडवतो दिवसभर, निवृत्त झाल्यापासून तेवढंच काम. तो म्हणाला, "एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून काय बसलीयेस?" मी त्याला सांगून टाकलं. सगळं, झोपेसकट. लग्नाला चौतीस वर्षं झाली, त्याने पहिल्यांदा कोडं बाजूला ठेवलं असेल. मग म्हणाला, "अगं, तेरा वर्षं झाली. पोरगी शिकली, पायावर उभी राहिली. त्या घरात राहिली असती तर काय दिवे लावले असते? कशाला उकरून काढतेस?" मी त्याच्यावर भडकलेच. म्हटलं, तुला काही कळत नाही. पण खरी गोष्ट अशी की दुकानापासून बसथांब्यापर्यंत चालताना, तेवढ्या पाच मिनिटांत, हेच वाक्य माझं स्वतःशी तीनदा म्हणून झालं होतं, दिव्यांसकट. त्याच्या तोंडून ऐकलं तेव्हा मला ते कळलं, आणि शरमेने मला त्याच्याकडे बघवेना.

मंगळवारी तो म्हणाला, "मी आणतो जाऊन चष्मा. तुझं नाव सांगितलं की देतील." किती सोपं होतं. मी पावती काढून त्याला दिली. त्याने खिशात घातली, चपला घातल्या, पिशवी कुठेय विचारलं. चष्म्याला पिशवी कशाला लागते या माणसाला? मी पिशवी आणायला आत गेले आणि आतच उभी राहिले. ती बाई दार उघडं टाकून बसली होती. दोन दिवस. पाचव्या मजल्यावर पावलं वाजली की उठून बघत असेल. पाणी भरून ठेवलं असेल, खुर्ची पुसून ठेवली असेल, मुलीचे कपडे दिसतील असे घडी करून ठेवले असतील. मी शेकडो घरं पाहिली, सगळ्या आया असंच करतात. घरात शिरल्या शिरल्या कळायचं मला, आपल्यासाठी आवरलंय ते. मी बाहेर आले, म्हटलं, दे ती पावती. तो म्हणाला, का? मी म्हटलं, दे.

दुकानात गर्दी नव्हती. तिने चष्मा आणला, डबी उघडली, माझ्या डोळ्यांवर चढवला आणि वाचायचा तक्ता हातात दिला. "शेवटची ओळ वाचता येतेय का बघा." येत होती. मी वाचली नाही. म्हटलं, "मी वर आले नव्हते." ती म्हणाली, "कुठे?"

"तुमच्या घरी. त्या इस्त्रीवालीने सांगितलं, कुणी नसतं. मी खालूनच परत गेले. दुसऱ्यांदा तेवढंही नाही. ते ऑफिसात बसून लिहिलं."

तिने माझ्या हातातला तक्ता काढून घेतला आणि जागेवर ठेवला. मग तो सरळ केला. म्हणाली, "मग कुलूप?"

"नव्हतं. म्हणजे मी दारच पाहिलं नाही."

"पितळी का लिहिलंत?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता. मी म्हटलं, "नुसतं कुलूप लिहिलं असतं तर मॅडमनी खोदून विचारलं असतं. पितळी लिहिलं की कुणी विचारत नाही."

तेवढ्यात एक गृहस्थ आले, चष्म्याचा स्क्रू पडला म्हणून. ती त्यांना बसा म्हणाली. बारक्या डबीतून स्क्रू निवडला, चिमट्याने धरला, बसवला, काच पुसून दिली, हसलीसुद्धा त्यांच्याकडे बघून. मी नवा चष्मा घालून तिथेच उभी होते आणि मला सगळं फार स्वच्छ दिसत होतं, स्क्रू, तिचा बिल्ला, तिची नीट कापलेली नखं. निघून जावंसं वाटत होतं. ते गृहस्थ गेल्यावर ती माझ्यासमोर आली, पण काउंटरच्या पलीकडच्या बाजूनेच.

"आई दर महिन्याला यायची सुधारगृहात," ती म्हणाली. "मी भेटायचे नाही. एकदा स्वेटर आणला होता, स्वतः विणलेला. मी खिडकीतून खाली टाकला आणि ओरडले, तुझं कुलूप सांभाळ जा. तिला कळलंच नाही मी काय म्हणतेय ते. अशी बघत उभी राहिली खाली." तिने रिकामी डबी मिटली. "मला वाटलं नाटक करतेय."

मी म्हटलं, माझं चुकलं. किती पोकळ वाटतात हे शब्द, पण दुसरे नव्हते. म्हटलं, "मी सांगते त्यांना. नंबर दे मला."

"फोनवर?" ती हसली, पण ते हसणं नव्हतं. "गृहभेट राहिलीय ना तुमची, बाई? ती करा." आणि मी वळल्यावर मागून म्हणाली, "लिफ्ट अजून बंदच आहे."

इस्त्रीवालीच्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकणारा बसला होता. त्याला मी काही विचारलं नाही. पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि चढले. माझे गुडघे आता सेहेचाळिशीचे राहिले नाहीत. प्रत्येक मजल्यावर थांबावं लागलं, तिसऱ्यावर तर एका बंद दारापाशी पायरीवर बसले, आतून कुकरची शिट्टी ऐकत. मनात अहवालाची वाक्यं आपोआप जुळत होती, जिना अंधारा, भिंतींचे पोपडे, स्वच्छता बेताची. तेहतीस वर्षांची सवय. पाचव्यावर एकच दार होतं. हिरवं नव्हतं, तपकिरी होतं. कडीकोयंडा नव्हता, तो काढून टाकल्याची खूणही नव्हती. जुना रंग अखंड होता. त्यावर लॅचचं भोक आणि बाजूला घंटीचं बटण, ते खरंच सापडण्यासारखं नव्हतं, चौकटीच्या आत दडलेलं. मी ते दाबलं.

तिने दार उघडलं आणि डोळे बारीक करून माझ्याकडे बघत राहिली. केस पार पांढरे. "कोण पाहिजे?" तिने मला ओळखलं असतं तर बरं झालं असतं. आता मला सांगावं लागणार होतं मी कोण ते.

"मंडळाच्या ऑफिसातली बाई," मी म्हटलं. "तेरा वर्षांपूर्वी येणार होते. आले नव्हते. तुम्ही घरी होतात. कुलूप नव्हतं. ते मी मनाने लिहिलं."

ती चौकटीला धरून उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर मी घेतल्या असत्या, त्यासाठीच तर चढले होते. मग ती आत वळली, आणि आत कुठे बसायचं ते न सुचल्यासारखी खोलीच्या मधोमध थांबली. खोलीत शिवणयंत्र होतं, त्यावर चादर टाकलेली. भिंतीपाशी एक खुर्ची होती. मला कुणी बस म्हटलं नाही आणि मीही बसले नाही.

"हे तिला माहितीय?" तिने विचारलं.

"आजच सांगितलं. दुकानात जाऊन."

"मग? काय म्हणाली?"

"म्हणाली, राहिलेली गृहभेट करा."

यंत्रावरच्या चादरीची सुरकुती हाताने सरळ करत तिने विचारलं, "येईल का ती?"

मी इतकी वर्षं अशाच प्रश्नांची उत्तरं लिहीत आले होते. मुलगी घरी नांदेल, नांदणार नाही, सुधारण्याची शक्यता आहे, नाही. कुठलंही एक मला सांगता आलं असतं आणि ते खरं वाटलं असतं. "मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मी आणखी थोडा वेळ उंबऱ्याशी उभी राहिले आणि मग निघाले. बाहेर येऊन सवयीने दार ओढून घ्यायला लागले, तर ती आतून म्हणाली, "राहू दे. उघडंच राहू दे."